अवधाण

सॅम्पल आलं तेव्हा साडेदहा झाले होते.
काचेची नळी, कापसाची काडी, टोकाला पिवळा डाग.
लेबलवर: मल्हारी व्हटकर, वय ५४, उजवा अंगठा.
खाली कुणीतरी पेन्सिलीनं: चप्पल कारागीर, सुभाषनगर.

मागोमाग त्याची बायको, लॅबच्या खिडकीशी.
"मी म्हटलो त्यास्नी पयल्याच दिवशी, दवाखान्यात चला.
तर म्हणत्यात, आरीच लागलीया, हळद भर.
भरलो हळद. रातीला ठणका सुटला,
उशीवर हात ठेवून बसून काढली रात.
तिसऱ्या दिवशी काखंत अवधाण आलं बघा, लिंबाएवढं."

अवधाण.
शाळेत कुलकर्णी बाई खडू मारायच्या नेम धरून:
अवधान कुठंय तुझं?
एका टिंबाचाही फरक नाही कानाला.
अंगठ्याला भोक पडलं आरीच्या टोकाएवढं
आणि हातभर लांब, काखेच्या अंधारात,
एक गाठ जागी होऊन बसली,
कुणी हाक मारली नसताना.

मनगटापासून कोपरापर्यंत तांबडी रेघ होती म्हणे,
कापायच्या आधी चामड्यावर ओढतात तशी.

मी काडी फिरवली रक्ताच्या प्लेटवर.
सदतीस डिग्री. आपल्या अंगाएवढीच ऊब.
कपाटाचं दार लावलं.
तिकडे वॉर्डात त्याला एकशेतीन,
गोधडीखाली दात वाजतायत,
आणि जीभ, बायको सांगत होती,
बाभळीच्या सालीगत कोरडी.

बाभळीची साल. हिरडा. चुन्याचा हौद.
चाळीस वर्षं हा माणूस
मेलेलं कातडं कुजू देत नाही.
घोटतो, तेल पाजतो, उन्हाला दाखवतो,
वेणी घालतो बारीक,
मग ते कातडं दहा पावसाळे करकरत चालतं.
जित्या कातड्याला कसली साल लावावी
हे त्याला कुणी शिकवलं नाही.
आपल्याला तरी कुठं येतं.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं
तर प्लेटवर गावच वसलेलं.
आम्ही यांनाही कॉलनीच म्हणतो,
रुईकर कॉलनी म्हणतात तसंच.
गोल, गुळगुळीत, सोनेरी.
गुजरीत ठेवलं असतं तर कुणीतरी भाव विचारला असता.
प्रत्येकीभोवती रक्त विरघळून
स्वच्छ काच दिसत होती.

सूक्ष्मदर्शकाखाली जांभळे घड,
तासगावच्या द्राक्षांसारखे.
मग औषधांच्या टिकल्या ठेवल्या, पुन्हा एक रात्र,
सकाळी पट्टीनं मोजलं.
पेनिसिलीन: शून्य. अगदी टिकलीला खेटून वाढलेत.
दुसरं: शून्य.
घरातल्या डब्यात, सुया नि मेणाच्या गोळ्याशेजारी,
गेल्या वर्षीच्या अर्ध्या राहिलेल्या पट्टीतल्या
चार गोळ्या त्यानं खाल्ल्या होत्या आधी.
तिसरं: एकवीस मिलिमीटर.
मी छापील रिपोर्टची वाट पाहिली नाही, वॉर्डला फोन लावला.

हात राहिला.
नख गेलं, वरचं पेर वाकत नाही.
वेणी आता बायको घालते,
टाका थोडा मोठा पडतो तिचा,
आणि ती ते गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकते.

हे सगळं मला नंतर कळलं.
त्या दिवशी मी फक्त प्लेट भट्टीत टाकली.
जाण्यापूर्वी, का कुणास ठाऊक,
एक काडी माझ्याच नाकात फिरवून
कोऱ्या प्लेटवर ओढली, नाव न घालता.

उद्या सकाळी पाहिली.
तेच सोनं.
किती वर्षं राहतायत कोण जाणे,
भाडं नाही, भांडण नाही,
एखादं दार कुठं उघडतंय का,
आरीच्या टोकाएवढं,
यावर अवधान ठेवून.

मी हात धुतले.
मग पुन्हा धुतले.