सहाशे साठ

छातीचा घेर इंचात, त्याचा वर्ग,
गुणिले खांद्यापासून माकडहाडापर्यंतची लांबी,
भागिले सहाशे साठ.
उत्तर किलोत येतं.
हे दिघे डॉक्टरीणबाईंनी औषधाच्या खोक्यावर लिहून दिलं
आणि सातवी नापास मी
आता वर्ग तोंडी करते.

टेप शिलाईचाच.
ब्लाउज शिवायची तेव्हाचा.
तेव्हा छत्तीस, अडतीस, फार तर चव्वेचाळीस.
आता साठावर टेप संपतो
आणि मला बरं वाटतं.

रेडकं मी मांजरीच्या गोठ्यांतून आणते,
पहाटे, दुधाच्या गाड्या निघाल्या की.
माणसांत मुलगा झाला तर पेढे.
गोठ्यात नर झाला
तर सुतळीनं कोपऱ्यात बांधतात,
पान्हा सुटेपुरतं तोंड लावू देतात,
आणि पंधरा दिवसांत ते
कुणी काही न करता मिटतं.
त्याचा चीक तर पहिल्याच सकाळी शहरात गेलेला असतो
वेलची घालून, वड्या पाडून.

टेम्पोत मांडीवर घेऊन बसते.
शिक्रापूरच्या फाट्यापर्यंत माझी बोटं चोखत येतं.

मग नाळेला आयोडीन.
दहाव्या दिवशी जंताचं औषध.
पांढरं हगलं तर रात्रभर
गूळ-मिठाचं कोमट पाणी, चमच्या-चमच्यानं.
लाळ-खुरकुताची लस, कानात पिवळा बिल्ला,
मुरघासाची पिशवी फोडली की
लोणच्याच्या बरणीसारखा आंबूस वास,
पाबळच्या उन्हात दुपारी दोनदा पाइपनं अंघोळ,
कारण काळी कातडी तापली की जनावर धापा टाकतं,
वजन धरत नाही.
वजन धरलं पाहिजे.
मी ते लपवत नाही.

नणंदेच्या पोरीच्या डोहाळजेवणात
आत्याबाई पंगतीतून मोठ्यांदा म्हणाल्या,
‘कापायला द्यायचं, तर पोसतेस कशाला गं?’
मी वाढपी होते.
म्हटलं, ‘खरवस आणखी एक वडी घ्या, आत्याबाई.
छान लागलाय ना?’

नावं ठेवत नाही.
वहीत नंबर आहेत.
चौदा नंबरला मोजायला वाकले
की तो टेपचं टोक तोंडात धरायचा.
आईचं आचळ मिळालं नाही तो कशालाही लुचतो;
माझा पदर, चिऱ्याचा खिळा, टेप.
एका गुरुवारी पितळी टोकासकट पहिला इंच
तोडून गिळला.
पितळेच्या धाकानं आठवडाभर
मी त्याचं शेण काठीनं उकरून पाहिलं.
सापडलं. धुतलं. खिडकीत ठेवलं.

तेव्हापासून टेप एकपासून सुरू होतो.
प्रत्येक मापातून एक वजा करायचा.
सगळ्यांच्या मापात मी तो करते.

वाजिद कुरेशी काटा घेऊन आले
त्या दिवशी चौदा आपणहून चढला,
पत्र्यावर खूर वाजले म्हणून एकदा बिचकला,
मग माझ्याकडं बघत उभा राहिला.
‘ताई, बघा. दोनशे एकोणऐंशी.’
माझ्या वहीत दोनशे चौऱ्याण्णव.
घेर साठ, लांबी चौपन्न.
मी पुन्हा गुणलं. पुन्हा भागलं.
वाजिदभाई थांबले. घाई केली नाही.
‘हवं तर वजनं ठेवून काटा तपासा,’ म्हणाले.

काटा बरोबर होता.
मीच वजा करायला विसरले होते,
का कोण जाणे, एकट्या त्याच्याच मापात,
दीड वर्ष.

एकशे वीसच्या भावानं
पंधरा किलोचे अठराशे.
खर्चाच्या पानावर लिहिलं:
टेप, एक इंच, अठराशे.
खाली नफा. तो झालाच, चांगला झाला.
त्यातून गोठ्याला दुसरा पंखा आला.

नवा टेप चाळीस रुपयांना मिळतो
बसस्टँडसमोरच्या दुकानात.
अजून घेतला नाही.
बावीस नंबर परवा आलाय, तीस किलो,
रात्री दोनला उठून बाटली द्यावी लागते.
मापताना मोठ्यांदा म्हणते, वजा एक,
वजा एक,
आणि तो टोकाकडं मान लांबवतो.