एक्केचाळीस उणे एक

फाईलचं नाव ‘पेपर शेवटचा ३’.
आत एकच ओळ:
‘डेंग्यू ही आज साऱ्या जगापुढची गंभीर समस्या आहे.’
तीन आठवडे मी या ओळीत राहतेय, भाड्यानं.
कुणाच्या तरी पेपरातून ती आणली,
त्यानंही ती आणखी कुणाकडून आणली असणार.

मे महिना. रात्रीचे अकरा. भिंती अजून तापलेल्या.
खिडकीत कूलर घरघरतो,
गवतातून ओला वास येतो,
आणि कर्सर लुकलुकतो, लुकलुकतो.

निमजे मॅडमनी ते पान वाचलं होतं,
चष्मा कपाळावर ढकलून.
‘जग राहू दे बाजूला.
पहिली बाटली कुठं भरलीस?’
गिट्टीखदानला.
‘तारीख? वेळ? हातात काय होतं?’
डाव, मॅडम. घरचाच. वरणाचा.
‘किती मिलीचा?’
मोजला नव्हता. त्याच संध्याकाळी मोजला:
एकशे दहा.
‘मग हे लिही. डावापासून सुरू कर.’

लिहायला बसले तर भरभर आलं.
किती टाक्या, किती डाव, कुठल्या कोपऱ्यातून.
फक्त मी त्यात उरले नाही.
‘नमुने गोळा करण्यात आले.’
कर्मणी प्रयोगात ऊन लागत नाही,
कुत्रा मागे येत नाही,
फाटकाआडून कुणी विचारत नाही,
‘कार्पोरेशनच्या का तुम्ही?’

टेबलात एक्केचाळीस छान दिसत होतं.
पण सतरा नंबरची बाटली फुटली होती
झिंगाबाई टाकळीच्या गतिरोधकावर,
स्कूटीच्या डिकीत.
मी सोळा आणि अठराची सरासरी काढून ठेवली होती.
कुणाला कळणार होतं?
मॅडमना सांगितलं तेव्हा
त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या.
मग म्हणाल्या, ‘चाळीस लिही.
आणि बाटली फुटली, हेही लिही.’

संदर्भ चौतीस. वाचलेले नऊ.
हे त्यांनी विचारलं नाही, मीच मोजलं,
आणि लॅबमधला रोशन पोह्यांवर तर्री ओतत म्हणाला,
‘काहून टेन्शन घेतं बे? सगळेच टाकतेत.’
पंचवीस काढले.
यादी उघडीबोडकी दिसायला लागली,
पण त्यातलं कुठलंही नाव कुणी विचारलं
तर मला घाम फुटला नसता.

टाकी बावीस.
नाव लिहायचं नाही, असा नियम आहे.
हा पेपर नाही, म्हणून लिहिते: कौतिकाबाई धकाते.
मी त्यांना डावातल्या अळ्या दाखवल्या,
पाठ केलेलं वाक्य म्हटलं:
आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करा.
त्यांनी अळ्या पाहिल्या, मग मला पाहिलं.
‘नळ तं तिसऱ्या दिवशी येते, पोरी.
आज फेकलं तं उद्या
लेकराले गार कायनं करू?’
मी वहीत लिहिलं: ‘प्रतिसाद नकारात्मक.’

आज त्या दोन शब्दांवर अडकले.
उठले. डाव घेतला, मोबाईलचा टॉर्च लावला,
आमच्याच कूलरची मागची झडप उघडली.
चाळीस घरं पालथी घातली,
हे एक राहिलं होतं.

पाणी गढूळ. टॉर्च हलला
तशा त्या वळवळत तळाशी गेल्या.
सहा. पुन्हा मोजल्या. सात.

बादली आणली, टाकी ओतायला वाकले,
आणि आठवलं,
आमचा नळ परवा.

थोडा वेळ तशीच उभी राहिले,
बादली रिकामी, डाव भरलेला.
मग आत आले.
साऱ्या जगाची ती ओळ खोडली
आणि लिहिलं:
‘ज्या वस्तीत पाणी तिसऱ्या दिवशी येतं,’

पुढचं अजून यायचंय.
स्वल्पविरामापाशी कर्सर लुकलुकतो.