आस

धाकूमामाच्या मनगटावर मी पट्टी चिकटवली,
कांद्याच्या पापुद्र्याएवढी.
हिरवे ठिपके पेटले: नाडी, एकाहत्तर.
मग त्याने सवयीने हात लांबवला
जाळं सांधायच्या सुईकडे,
कातडी ताणली,
इंग्रजी साताची आडवी रेघ विझली
आणि साताचा एक झाला.
"अकरा? म्हणजे मी मेलंय काय गो?"

हसला. मग विचारलं, ह्यो लाइट कसलो?
एलईडी, मी म्हणाले,
आणि जीभ चावली.

निवतीच्या दगडांपलीकडे रात्रभर
खोटा दिवस उजाडतो बोटींवर,
मासळी तिकडे वळते.
रापणीत येतात कुर्ल्या, शेवाळ, एखादी चप्पल.
सुकी रापण खांद्यावर टाकून
हाच माणूस तहसीलवर चालत गेला होता.

त्याने पट्टी ओढून काढली.
सोबत तीन पांढरे केस आले.

मी सांगत राहिले: काजव्याहून मंद आहे रे,
एक तारली फिरकणार नाही याच्याकडे.
पुण्यात यंत्रावर चारशे वेळा ताणलीय.
यंत्राला खारं वारं नव्हतं,
खांदाही नव्हता, हे नाही सांगितलं.

तो ऐकत नव्हता. पट्टी उन्हात धरून
आतल्या तारा बघत होता.
"सूत सरळ घातलंस."
मांडीवरचं जाळं दोन्ही हातांनी ओढलं.
"बघ. सूत ताणणा नाय. आस उघडता."

आस. जाळ्याचा डोळा.
मी हा शब्द इतकी वर्षं
भलत्याच अर्थाने वापरला,
अनुदानाच्या अर्जात, आईला लिहिलेल्या मेसेजात.
ती आस ताणली की तुटायची.

फाल्गुनात परत आले.
डब्यात नवी पट्टी, तारा तिरक्या,
चौकटी-चौकटींनी विणलेल्या.
त्याने काही विचारलं नाही.
डावा हात पुढे केला, उजव्याला काम होतं.
दोर ओढताना आकडे रुंदावले,
भिजलेल्या चण्यासारखे फुगले,
पण अडुसष्टचे अडुसष्टच राहिले.

अंधार पडला. बाहेर समुद्रात
पांढरा उजेड वर आला, एक, मग पाच, मग मोजले नाहीत.
मामा गप्प.
सदऱ्याची बाही त्याने मनगटावर ओढली.
विणीतून हिरवं झिरपत होतं:
एक्याऐंशी.
सत्त्याऐंशी.
चौऱ्याण्णव.