तासाभराचं मलम

तिसऱ्या खेपेला एलेउतेरियो ओयार्सो
आधी दार लोटून घेतो,
मग खिडकीकडे बघत विचारतो,
"ते पोरांचं मलम... उरलंय का थोडं?"

त्याला पुन्हा विचारावं लागू नये
म्हणून मी वळते कपाटाकडे,
काही विशेष घडलंच नाही अशी.

मागच्या दोन्ही खेपांना
चार-चार ठिकाणी टोचलं होतं मी त्याला.
सुई दिसली की शीर अंग चोरायची,
कळपातल्या एखाद्या बेरकी मेंढीसारखी.
"कळ काढा जरा," मी म्हणत राहिले
आणि तो काढत राहिला,
जबडा आवळून, छताकडे बघत,
जणू तिथं कुणी त्याची राहिलेली मजुरी लिहून ठेवलीय.

एकोणपन्नास हंगाम लोकर कातरली त्यानं
पुन्ता अरेनासच्या उत्तरेकडच्या कुरणांवर.
तळहात असे, की काडी ओढली तर पेटेल.
पण कोपराच्या आतल्या लवणीत
ऊन कधी पोचलं नाही, वारा नाही.
तेवढ्या दोन बोटं जागेत
तो अजून सात वर्षांचा आहे.

तिथंच मलमाचा गोळा ठेवते, चोळत नाही.
वर पारदर्शक पट्टी,
पट्टीवर वेळ लिहायची चिठ्ठी, बालविभागातून आणलेली,
तिच्यावर हसरा देवमासा.
दहा वाजून वीस.
"आता तासभर बसायचं."
"काहीच न करता?"
"काहीच न करता."

खाली चौकात लोक दोर धरून रस्ता ओलांडतायत,
वारा आज कुणालाच सरळ चालू देत नाही.
सामुद्रधुनीचं पाणी मेंढीच्या पोटासारखं, मळकं पांढरं.
तो बराच वेळ बोलत नाही.
मग म्हणतो,
"कातरताना कधी कधी कातडं फाटायचं.
जाड सुई, डांबर लावलेला दोरा,
दोन टाके, की पुढची मेंढी.
पाठीवर पाडली की गप्प होते ती, ठाऊक आहे?
आम्ही म्हणायचो, हिला काही कळत नाही."

देवमाशाच्या शेपटीवर बोट ठेवून थांबतो.
"आता वाटतं..."
ते वाक्य तो पुरं करत नाही.
मीही करू देत नाही, माते पुढे करते.
तो एक घोट घेतो,
गार झालाय, तरी घेतो.

बावीस वर्षं मी या हातांनी सुया लावल्या
आणि मोठ्या माणसांना मलम विचारलं नाही.
कुणी मना केलं नव्हतं.
आमच्यापाशी तास नसतो,
म्हणून आम्ही धीर मागतो समोरच्याकडं,
आणि तो देतात बिचारे, उधारीवर.

अकरा वीस.
पट्टी सोलते, मलम पुसते.
खालची कातडी फिकी पडलीय, शीर थोडी दडलीय.
पाच मिनिटं अजून. ती परत येते,
निळसर, जराशी लाजल्यासारखी.
कागदाची कड ओढून बघते तिच्यावर.
"कळतंय?"
"कळतंय," तो म्हणतो. "दुखत नाही."

सुई आत जाते.
नळीच्या मुळाशी लाल थेंब उगवतो,
एकाच खेपेत.
तो छताकडे बघत नाहीये.
स्वतःच्या कोपराकडे बघतोय, मान वाकडी करून,
दुसऱ्याच कुणाचं काम चाललंय
आणि ते नीट चाललंय ना, हे तपासणाऱ्या
जुन्या कामगारासारखा.

"कळ गेली," तो पुटपुटतो,
"कळणं तेवढं राहिलं."

ठिबक सुरू होते.
कचऱ्याच्या डब्याकडे चाललेली माझी मूठ
तो मोकळ्या हातानं अडवतो,
चिठ्ठी काढून घेतो,
आणि टोपीच्या आत,
जिथं घामानं कापड काळं पडलंय,
तिथं चिकटवून टाकतो देवमासा.