माशी

नळीच्या टोकावरच्या त्या एवढ्याशा खुंटीला
आम्ही माशी म्हणायचो.
खाच, माशी, काळा गोल: तिघांना एका रेषेत धर,
श्वास अर्ध्यावर सोड, डावा डोळा मीट.
एन.सी.सी.च्या कॅम्पात काशीद सरांनी हे शिकवलं
आणि चाळीस वर्षं मी डावा डोळा मिटत आले,
सुईत दोरा ओवतानासुद्धा.

मग एका मार्चमध्ये माशी विरघळली.
तिला शोधावं तर गोल पुसट,
गोल धरावा तर तिच्या जागी काजळाचं बोट.
सात, सहा, पुन्हा सहा,
एक गोळी तर शेजारणीच्या कागदावर.
माशी कुठे शिंकली, सरांनी विचारलं असतं
आणि स्वतःच हसले असते.

नई सडकेवर भदौरियांचं दुकान.
परवान्याची वही त्यांनी उलटसुलट पाहिली,
मग मला.
"किसके लिए, मॅडमजी?"
माझ्यासाठी, मी मराठीतच म्हटलं.
लष्करात एवढं सगळ्यांना कळतं.

मखमलीवर चार रेड डॉट.
पहिली नळीसारखी, हाताला जड.
दुसरी नुसती काचेची खिडकी.
तिसरीत लाल-हिरवा दोन्ही उजेड,
ती त्यांनी स्वतःच बाजूला सारली: ही वरातवाले नेतात.
चौथी म्हणजे माझं दोन महिन्यांचं पेन्शन.
एकेक डोळ्याला लावून मी समोर पाहिलं,
गजकवाल्याच्या पाटीवर,
मूंगफलीच्या अनुस्वारावर.

ठिपका कुठेच ठिपका नव्हता.
त्याला शेपूट फुटलेलं, खाली डावीकडे ओघळलेलं.
स्वल्पविराम.
एकतीस वर्षं लाल शाईनं वह्या तपासल्या मी,
पूर्णविराम दे गं, वाक्य संपव गं,
आणि आता वाक्य संपेना ते माझ्याच डोळ्यात.

माल खराब आहे, म्हटलं.
भदौरियांनी वाद घातला नाही.
खिडकीमागे मोबाइल धरून एक फोटो काढला:
गोल. गुंजेएवढा, नेटका.
"सिलिंडर का नंबर है आपको," हळूच म्हणाले,
घरातली गोष्ट सांगावी तसे.
उजेड दोन घरं उतरवला, शेपूट जरा आखडलं.

दुसरी घेतली.
स्पर्धेत चालत नाही ती. मीही आता नाही.

रायफलच्या पाठीवरची खाच अरुंद, साइटचा पाय रुंद,
मधे बोटभर उंचीचा जोड.
अतीकनं स्पिरिटनं पुसलं,
स्क्रू आळीपाळीनं आवळले, एकदा हा, एकदा तो,
बाजेची सुतळी ओढावी तसे.
अजून अर्धा आटा? मी विचारलं.
नको, पितळ रडेल.
प्रत्येक आट्यावर निळ्या गोंदाचा थेंब,
आणि रात्रभर हलवायचं नाही.
घरी येऊन मी ती विरजणाशेजारी ठेवली.

सकाळी मुरारपलीकडच्या रेंजवर
अतीक दुर्बीण घेऊन आला होता.
पहिल्या तीन गोळ्या खाली, डावीकडे,
पण तिन्ही एका रुपयाखाली झाकतील अशा.
चुकायचं तर असं एकत्र चुकावं.
पंचवीस मीटरवर एक टिक म्हणजे
तांदळाच्या दाण्याएवढं सरकणं.
वर नऊ दाणे, उजवीकडे चार.

डावा डोळा मात्र ऐकेना.
खुली रखिए, अतीक म्हणे,
आणि तो आपोआप मिटे, जुन्या नोकरासारखा,
मालक बदलल्याचं कुणी न सांगितलेल्या.
सातव्या-आठव्या गोळीला उघडा राहिला.
तेव्हा दिसला लाल बावटा, बांधावरचा सरडा,
लांब किल्ल्याची तपकिरी कड,
आणि या सगळ्यावर टांगलेला माझा स्वल्पविराम.
शेपटीकडे बघू नका, डोक्यानं नेम धरा.

नऊ.
मग आठ. मग एक दहा,
जिचा मी विश्वास धरला नाही.

काचेच्या तळाशी काहीतरी धूसर बसलेलं.
अतीक पाना हातात घेऊन विचारतो,
आगे वाली मक्खी निकाल दूँ? अब क्या काम?
राहू दे, म्हटलं.
बसू दे तिला.