जमिनीच्या बाजूने

विजेच्या बिलाच्या पाठीवर मी नऊ रात्री मांडल्यात.
गुहागर दोन, रत्नागिरी तीन, मालवण तीन.
एक उरते, ती कुठेच बसत नाही.

तू म्हणतोस, हर्णै ते वेंगुर्ला
म्हणजे जहाजाला दहा तास.
असतील. तुझ्या जहाजाला वळणं नसतात.
आडिवऱ्याच्या पुढे ओजसला दर वेळी उलटी होते.
आलेपाकाची पुडी पुढच्या कप्प्यात राहील,
खिडकी त्याची,
आणि पहिले दोन दिवस गाडी मी चालवणार.
चौदा महिने तुझ्यासमोर रस्ता नव्हता.

फेरीबोटीसाठी दाभोळला फोन केला.
पलीकडच्याने विचारलं, गाडी कशी आहे?
जुनीच घेतली, म्हटलं, पण चांगली आहे.
तो हसला. म्हणाला, ताई, लहान की मोठी ते विचारतोय.

तुला हा किनारा दिव्यांवरून ओळखता येतो.
टोळकेश्वर, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग,
कोण किती सेकंदांनी डोळा मिटतो, तोंडपाठ.
मला त्यांची पाठ माहीत आहे.
टोळकेश्वरच्या वाटेवर करवंदीच्या जाळ्या,
दिव्याखालच्या दोरीवर कुणाचा तरी बनियन,
एक कोंबडी, जिला समुद्राचं काही पडलेलं नाही.
हे तुला दाखवायचंय.

रत्नागिरीहून एक दिवस पूर्णगड.
किल्ला एवढासाच,
आमच्या शाळेतल्या कुळ्ये बाई म्हणतात
अर्ध्या तासात होतो,
पण त्या सगळंच अर्ध्या तासात करतात.
मालवणहून सावंतवाडी, सकाळी जाऊन संध्याकाळी परत.
तू लिहिलंयस, 'ओजसला लाकडी भोवरा'.
मी खोडलं नाही.
त्याला मिसरूड फुटतंय, तेवढं बघून ठेव.

काल रात्री नकाशावर
तुझं बोट जयगडशी थांबलं.
इथे आलो होतो मी, म्हणालास.
कधी?
मागच्याच्या मागच्या खेपेला. कोळसा होता.
बावीस तास धक्क्याला होतो, उतरायची परवानगी नव्हती.

मी वार विचारला, जसं काही
वार कळल्यावर काही करता येणार होतं.
मंगळवार दुपार ते बुधवार दुपार.
म्हणजे मंगळवारी संध्याकाळी मी बंदरावर,
लिलाव संपल्यावर उरलेला बांगडा
घासाघीस करून घेत असणार.
बुधवारी डबा, शाळा, गॅसचा नंबर.
मध्ये दोन खाड्या. दोन फेरीबोटी.
सकाळी निघाले असते तर जेवायला पोचले असते
आणि कुंपणाबाहेरून
ते एवढं मोठं लोखंड तरी बघितलं असतं.

रेंज नव्हती का, विचारलं.
होती, म्हणालास.
पूर्ण होती. म्हणूनच नाही केला.

मग तू टायरच्या हवेबद्दल बोलत राहिलास,
स्टेपनी, जॅक, दापोलीतला पंप,
आणि मी हो हो करत राहिले.

तर ती उरलेली रात्र मी जयगडला टाकलीय.
तवसाळहून दुपारी दोनच्या आसपास उतरू,
दुसऱ्या दिवशी बाराला निघू.
हिशेब तू कर.
खोली मिरकरांची, हजार रुपये आगाऊ पाठवले.
ते पुन्हा पुन्हा विचारत होते, एक रात्र इथे कशाला,
गणपतीपुळं पुढेच तर आहे.
मग म्हणाले, बरं, समुद्राकडची देऊ?

नको, म्हटलं.
रस्त्याकडची असेल तर बघा.

आणि बिलाची मुदत उद्यापर्यंत आहे.
भरायला जाशील तेव्हा
मागच्या बाजूचा फोटो काढून घे आधी.
खिडकीतला माणूस शिक्का
कुठेही मारतो.