शेजारच्या वाट्या

म्हैस व्याली रात्री पावणेतीनला.
पाचाला कुंपणावर वाट्या येऊन बसल्या होत्या:
एक स्टीलची, एक जर्मलची, कडेला पोचा आलेली,
आणि मगदुमांच्या पद्माक्काचा झाकणाचा डबा,
वेलदोड्याची पूड आधीच टाकलेला.
बाचणीत गोठ्यातली गोष्ट
गल्लीला कशी कळते, कोण जाणे.

खरवस मला कुणी शिकवायला नको.
गूळ, जायफळ, चाळणीवरची वाफ,
सुरीला न चिकटणारी वडी.
गेल्या साली मीच वाटला होता चीक, वाट्या भरभरून.
रेडकाला तांब्याच्या तळाशी उरला तेवढा,
तोही दुपारी, जार पडल्यावर,
कारण तोवर कासेला हात लावायचा नसतो म्हणे.

नवव्या दिवशी त्याला पांढरी हगवण लागली.
डॉक्टर आले तेव्हा मान टाकून पडलं होतं.
त्यांनी एवढंच विचारलं, "चीक कधी पाजला?"
मी म्हटलं, "पाजला की."
कधी, ते सांगितलं नाही.

या खेपेला बॅटरी दातांत धरली.
सुदामला खुणेनंच सांगितलं,
नाक मोकळं कर, गोणपाटानं पूस, नाळेला आयोडीन लाव.
आणि कासेखाली बसले.
जार अजून लोंबत होता.
सासूबाई दारातून म्हणाल्या, "अगं, थांब की जरा."

चिकाची धार मुकी असते.
पिवळी, जड, भांड्यात पडते तरी वाजत नाही.
रेडीला उभं राहता येईना.
दोन बोटं चिकात बुडवून तिच्या तोंडात दिली.
टाळूला लागली तशी जीभ वळली,
गरम, खरखरीत,
आणि बोटं ओढू लागली, मुळापासून उपटावीत तशी.

ही पोटातून येताना रिकाम्या हातानं येतात,
डॉक्टर म्हणाले होते,
आजाराशी भांडायचं बळ सगळं चिकात,
आणि आतड्याचं दार पहिल्या तासाला सताड,
मग घटकेघटकेनं ओढलं जातं,
दुसऱ्या दिवशी कडी.

दीड लिटर, मापानं. दुपारी परत.

वाट्या परत पाठवल्या.
रिकामी वाटी पाठवू नये, म्हणून प्रत्येकीत गुळाचा खडा.
चौथ्या दिवशी पद्माक्काला दिला उरलेला चीक.
"धरला न्हाई गं," कुंपणावरून म्हणाली,
"चमच्यानं खाल्ला."

आज नववा दिवस.
उजाडायच्या आत गोठ्यात वाकले.
रेडीचं शेण बोटानं दाबून बघितलं.
घट्ट होतं.
हात धुवायचे राहिले, तशीच बसले
दावणीशी, बराच वेळ.